पाहुण्याचे घर



नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ साली घोषित झाला. अशा जंगलात येणाऱ्यांसाठी विश्रामगृहे, माहिती केंद्रे लागतातच. ती कशी बांधावीत, हा केवळ इंजिनिअरचा प्रश्न आहे काय? आम्हाला तो नीतीचाही वाटतो.

आपल्या गोंदियात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. जाड मातीची भिंत, कवेलू आणि खोल ओसरी ऊन अडवतात. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता आत सोडतो. मग एसी आलाच. मोठ्या काचेत पाखराला आभाळ दिसते आणि ते तिच्यावर आदळते. रात्रभर जळणारे दिवे निशाचर जिवांना बुजवतात. ज्यांच्या घरी आपण पाहुणे, त्यांचेच हाल!

मात्र मातीच्या घराचे कौतुक सोपे, दरवर्षी कवेलू फेरणे कठीण. पक्के घर हे गरिबाचे रास्त स्वप्न आहे. स्लॅबखाली बसून आपण त्याला साधेपणा शिकवू नये. ज्यांच्याजवळ पैसा आणि पर्याय आहेत, त्यांनी आधी सुरुवात करावी: शासनाने, संस्थांनी आणि आपल्या चर्चनेही.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकात कोलू पटेल कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. तेही माणसाचेच बांधकाम. पण आज तिथे पाखरे उतरतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पृथ्वीला आपले समाईक घर म्हटले. म्हणून पुढच्या बांधकामाच्या बैठकीत खर्चाआधी एक प्रश्न विचारू या: या जागेवर आपल्याआधी कोण राहत होते?