कदाचित झालेली चूक

गेल्या वैशाखात, रायपूरच्या आमच्या वसाहतीत, माझ्या हातून एक चूक झाली. अथवा कदाचित झालीच नाही. यांतले खरे कोणते ते आजही सांगता येत नाही, म्हणूनच ही हकीकत लिहावीशी वाटली.

शेजारचा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने संगणकाचे सुटे भाग आणले आणि सारी खोकी विश्वासाने माझ्या मेजावर ठेवली. मदरबोर्डाची जुळणी हे नाजूक हातांचे काम. तरी तीत एक क्षण असा येतो की, बळ लावल्यावाचून गत्यंतर नसते. पूर्वी पिना प्रोसेसरला असत. इंटेलने २००४ साली त्या बोर्डावरच्या बैठकीत नेल्या. तेव्हा त्या ७७५ होत्या. २०२१ मध्ये आलेल्या पिढीत १७०० झाल्या. त्या जाळीवर प्रोसेसर अलगद ठेवून कडी दाबावी, तो ती करकरते. हे करकरणे रीतीचेच असते. पण काही मोडले तर त्याचा आवाज कसा वेगळा ओळखावा?

तेथे मी निभावलो. फसलो ते पुढे. तुषार उडू नयेत म्हणून कूलर बंद केला होता, बाहेर लू वाहत होती, हवा कोरडी ठणठणीत, आणि माझ्या अंगात कृत्रिम धाग्याचा सदरा. मेमरीची पट्टी हाताने उचलून बसवली आणि नंतर पेटीच्या पत्र्याला बोट लागताच बारीकशी ठिणगी टोचली. म्हणजे पट्टी हाताळतानाही तो विद्युतभार माझ्या अंगावर असणार! आधी पत्र्याला हात लावावा, हा साधा नियम मला ठाऊक होता. असा झटका माणसाला जाणवायला सुमारे ३००० व्होल्ट लागतात; काही चिपांच्या नाशाला शंभरही पुरतात. त्यातून चिप तत्काळ मरतेच असे नाही. कधी ती आतून दुखावते, काम करीत राहते आणि महिन्यांनी दगा देते. संगणक सुरू झाला. मुलगा हरखला. मी गप्प राहिलो.

आपणां बदलीवाल्यांना हा प्रकार अगदीच अपरिचित नसावा. घाईत केलेल्या सहीचे फळ पुष्कळदा आपल्यामागून येणाऱ्याच्या कारकिर्दीत पिकते, आणि पदभार सोपवतानाच्या यादीत त्यासाठी रकाना नसतो.

रात्री मनाने वकिली सुरू केली. जी हानी झाली की नाही हेच ठाऊक नाही, तिची कबुली देणे म्हणजे आपली काळजी त्या पोराच्या डोक्यावर ठेवणे नव्हे काय? युक्तिवाद लंगडा नव्हता. पुष्कळ कबुल्या स्वतःच्या सुखासाठीच दिल्या जातात. मग गीताही आठवली, फळावर आपला अधिकार नाही म्हणून. ‘गीतारहस्या’ला हिंदी रूप देणारे माधवराव सप्रे १९२६ साली याच रायपुरात वारले, त्यांच्या गावात बसून मी गीतेला असे पळवाटेला जुंपत होतो, याची लाज वाटली. फळाची आशा सोडायला सांगितले आहे. फळाची चौकशी सोडायला कोणी सांगितले?

निर्णय अखेर एका क्षुल्लक विचाराने झाला. उद्या ते यंत्र अडखळू लागले, तर तो मुलगा दोष आपल्या अभ्यासात, आपल्याच लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये शोधीत बसेल. कदाचित परीक्षेच्या तोंडावर. प्रथम कोठे पाहावे, हे मला ठाऊक होते आणि त्याला नव्हते. माझ्या मौनाची किंमत तो देणार होता.

सकाळी सांगितले. तो हसून म्हणाला, “चल तो रहा है, काकाजी!” तरी माझ्या समाधानासाठी त्याने मेमरीची चाचणी रात्रभर चालू ठेवली. एकही दोष आढळला नाही. अर्थात दुखावलेली चिपही अशा चाचणीतून सुटू शकते, हे आम्हां दोघांनाही माहीत होते. मी कचेरीच्या सवयीने एका कागदावर तारीख, वेळ आणि घडलेला प्रकार लिहिला, खाली सही केली, आणि तो कागद हमीपत्रासोबत त्याच्या खोक्यात ठेवून दिला.