पितृपक्षातली मस्करी

नागपूरच्या महाल भागात सीनियर भोसला पॅलेसमध्ये एक गणपती भलत्याच वेळी बसतो. अनंत चतुर्दशी होऊन गेलेली असते, शहरातल्या बाकीच्या मूर्ती पाण्यात गेलेल्या असतात आणि पितृपक्ष लागलेला असतो. या पंधरवड्यात लग्नाचा मुहूर्त कोणी काढत नाही, नव्या घरात राहायला जात नाही, सोनं घेणंही लोक पुढं ढकलतात. नेमक्या त्याच पंधरवड्यातल्या संकष्टी चतुर्थीला हा गणपती वाजतगाजत येतो. हडपक्या किंवा मस्कऱ्या गणपती ही त्याची नावं. परंपरा सांगते ती अशी : अठराव्या शतकात भोसले घराण्यातले खंडोजी ऊर्फ चिमणाबापू बंगालची स्वारी जिंकून परतले, तोवर घरच्या गणपतीचं विसर्जन झालं होतं. विजयाचा आनंद तर साजरा करायचा होता. मग पितृपक्षातच गणपती बसला आणि त्याच्यापुढं नकला, लावण्या, खडी गंमत असा सगळा थट्टामस्करीचा कार्यक्रम रंगला.

गेलेल्यांची आठवण काढायच्या दिवसांत हसायचं का, हा प्रश्न नागपूरकरांनी असा सोडवून टाकला. पण तो धर्मशास्त्रातून सुटलेला नाही. माणूस गेल्यावर त्याचं नेमकं काय आठवायचं? नाव आणि गोत्र, की त्याचं काम, त्याच्या खोड्या, त्याचं हसणं?

हा प्रश्न कारागिराच्या बाबतीत फार अवघड होतो. याच महालात चितार ओळ आहे, नागपूरच्या मूर्तिकारांची जुनी गल्ली. बांबूच्या कामट्या, तणस, सुतळी आणि माती यांतून तिथं देव उभे राहतात. गणपती संपले की लगेच देवीचं काम येतं, कारण नवरात्र सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. म्हणजे बाकीचं गाव ज्या पंधरवड्यात नवं काही करायला बिचकतं, त्याच पंधरवड्यात मूर्तिकाराला मान वर करायला फुरसत नसते. आणि हे सगळं काम जाण्यासाठीच असतं. मूर्तीवर त्याची सही नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबत नावाच्या पुतळ्याची गत तीच. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. सोबत पुढाऱ्यांची, महागाईची टर उडवणारे बडगे नावाचे पुतळे असतात. सकाळी सारं शहर ज्याला पाहून खो खो हसतं, ते संध्याकाळपर्यंत जळून जातं.

समजा, या गल्लीतला एखादा म्हातारा मूर्तिकार गेला. चाळीस वर्षं देव घडवले, लेकरंबाळं वाढवली, गिऱ्हाइकाला आणि पोरांना सारखंच हसवलं. तेरवीला लोक जमतात. अर्धा तास सगळे गंभीर बसतात, आणि मग कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणतं, ‘‘लय हसवायचा बावा.’’ तिथून किस्से सुरू होतात. कोणत्या मंडळाच्या अध्यक्षाला त्यानं काय ऐकवलं होतं, उधारी मागायला आलेल्या रंगवाल्याला चहा पाजून कसं परत पाठवलं होतं. बायका डोळे पुसता पुसता हसतात. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला ते खटकतं. त्याचं खटकणंही अगदी चूक नाही, कारण विधीची घडण वेगळी आहे.

श्राद्धविधी माणसाचा स्वभाव लक्षात ठेवत नाही. बाराव्या दिवशी सपिंडीकरण होतं आणि त्या दिवसापर्यंत एकटा असलेला जीव पितरांच्या रांगेत जाऊन बसतो. पुढं त्याचा उच्चार होतो तो नावानं, गोत्रानं आणि देवतारूपानं : बाप वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप. मुख्य पिंड या तिघांचे. पणतवानंतरची पिढी कर्ती झाली आणि तिचे वडील पितरांत गेले, की पणजा त्या तिघांतून बाहेर पडतो. त्यानं मूर्ती घडवल्या की मुलूख जिंकले, तो चिडका होता की हसरा, याला तर्पणाच्या पाण्यात जागा नाही.

यात निष्ठुरपणा वाटेल. पण यात एक समताही आहे आणि सुटकाही. राजाला जेवढे तीळ, तेवढेच कुंभाराला. मेलेल्या माणसाला त्याच्या गुणदोषांतून मोकळं करायचं आणि जिवंतांना त्याच्या ओझ्यातून, एवढं काम विधी करतो. चार्वाकांनी यावर जुनी थट्टा केलीच आहे : इथं जेवू घातलेलं परलोकात पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याच्या गाठीला शिदोरी कशाला बांधायची? घरच्यांनी घरी जेवावं, त्याचं पोट भरेल. युक्तिवाद बिनतोड आहे. तरी तेरवीच्या पंगतीत बसलेल्यांना ते ठाऊक नसतं असं नाही. पंगत जिवंतांसाठी असते.

याच नागपुरात विधीलाच नकार देणारी दुसरी वाट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी उघडली. दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. तेव्हापासून इथल्या बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्रिशरण, पंचशील होतं आणि मग एकेक जण उठून गेलेल्याबद्दल बोलतो. मंत्राची जागा आठवणीनं घेतली. माणसाचा स्वभाव मागच्या दारानं नव्हे, समोरून आत आला.

आणि बौद्ध परंपरेत अशा आठवणीचा एक फार सुंदर नमुना आहे. मज्झिम निकायातलं घटिकार सुत्त. बुद्ध कोसल देशातून चालले आहेत. एका जागी ते वाट सोडून थांबतात आणि स्मित करतात. आनंद विचारतो, भगवंत का हसले? मग बुद्ध एका कुंभाराची गोष्ट सांगतात. आधीच्या युगातल्या काश्यप बुद्धांच्या काळी इथं घटिकार नावाचा कुंभार राहत होता. आंधळ्या, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळायचा. जमीन स्वतः खणायचा नाही. काठावरून ढासळलेली, उंदरांनी उकरलेली माती आणायचा. भांडी करून ठेवायचा आणि सांगायचा, ज्याला हवं त्यानं तांदूळ, मूग, हरभरा काय ते ठेवावं आणि हवं ते भांडं न्यावं. त्याचा जोतिपाल नावाचा ब्राह्मण मित्र काश्यप बुद्धांकडं यायला तयार होईना. मुंडक्या श्रमणाला बघून काय मिळणार, म्हणायचा. दोघं नदीवर न्हायला गेले. न्हाऊन झाल्यावर घटिकारानं आधी त्याच्या कमरेचा पट्टा धरला, आणि तेही जमलं नाही तेव्हा सरळ त्याचे ओले केस. कुंभारानं ब्राह्मणाच्या डोक्याला हात घातला, म्हणजे प्रकरण साधं नसणार, असं वाटून जोतिपाल गेला. गेला तो भिक्षूच झाला. घटिकार मात्र झाला नाही. आईबापांना कोण पाहील, हे त्याचं कारण. पुढं भिक्षूंनी गळक्या कुटीसाठी त्याच्या कामाच्या जागेवरचं छप्परच काढून नेलं, तर हा नाराज न होता खुशीत राहिला. गोष्टीच्या शेवटी बुद्ध सांगतात, तो जोतिपाल म्हणजे मीच होतो.

म्हणजे आपल्याला केस धरून ओढणाऱ्या मित्राची आठवण बुद्धांना जन्मांतरानंतरही राहिली, आणि तिची सुरुवात हसण्यानं झाली. घटिकारानं घर सोडलं नाही, चाक सोडलं नाही. त्याची भांडी तर केव्हाच फुटली असतील. सुत्तानं त्याच्या कामाची रीत जपली, केस धरणं जपलं, उघड्या छपराखालची खुशी जपली.

वारकऱ्यांनीही एका कुंभाराला असंच जपलं आहे. तेरच्या गोरोबांना सारे संत काका म्हणत. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंनी त्यांचं थापटणं पाहिलं आणि विचारलं, हे कशाला? कच्चं मडकं कोणतं, पक्कं कोणतं ते पाहायला, असं काका म्हणाले. मग आमचीही परीक्षा करा, असा आग्रह झाला. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे मुकाट बसले. नामदेव मात्र उसळले. काकांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं. रुसलेले नामदेव पुढं विसोबा खेचरांकडं गेले, असं परंपरा सांगते. कीर्तनात हा प्रसंग आला की आजही मंडप हसतो, आणि त्या हसण्यानं नामदेवांची थोरवी तसूभरही उणी होत नाही. याच गोरोबांच्या चरित्रात चिखल तुडवताना पायाखाली गेलेलं मूलही आहे. मंडप तिथं रडतो. दोन्ही प्रसंग एकाच माणसाचे म्हणून सांगितले जातात, एकासाठी दुसरा गाळला जात नाही.

शोकसभेत नेमकं उलटं होतं. तिथं गेलेला प्रत्येक जण देवमाणूस ठरतो. ‘‘ते अत्यंत मनमिळाऊ आणि कष्टाळू होते’’ हे वाक्य कोणालाही लावता येतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. स्तुतीत दोष गळतो आणि दोषाबरोबर माणूसही. किश्शात दोष टिकतो : उधारी थकवलेली असते, वायदा मोडलेला असतो, रागाच्या भरात चुकीचा रंग लागलेला असतो. ऐकणारा हसतो, कारण त्या चुकीतून तो माणूस त्याला ओळखू येतो. म्हणून शोकाच्या जागी आलेलं हसू हा पावित्र्यभंग मानण्याचं कारण नाही. अपवाद एकच : गेलेल्याला उत्तर देता येत नाही, तेव्हा त्याची लाज काढणारी थट्टा नको. मस्करी त्याच्यासमोर करता आली असती अशीच हवी.

विधी करणाऱ्यांनी विधी करावा, नाकारणाऱ्यांनी नाकारावा. पण तेरवी असो की पुण्यानुमोदन, पुढाऱ्यांची भाषणं आवरून माईक त्या मूर्तिकाराच्या हाताखाली काम केलेल्या पोराच्या हाती द्यावा. त्यानं सांगावं की मातीत तणस किती घालायचं हे म्हातारा कसं शिकवायचा, शिव्या कोणत्या द्यायचा, कोणत्या मूर्तीचे डोळे रंगवून झाल्यावर स्वतःवरच खूश होऊन गाणं म्हणायचा. कोणाच्या मोबाइलमध्ये त्याच्या देवांचे फोटो असतील तर ते गोळा करून छापून घ्यावेत, मागं साल आणि मंडळाचं नाव लिहून ठेवावं. मूर्तीवर त्याची सही नव्हती. निदान फोटोमागं तरी त्याचं नाव असावं.