निवडलेला तांदूळ

मुळेच्या काठी, पौडजवळच्या एका वाडीत आजी राहतात. वय 82. आजेसासऱ्यांची भाताची खाचरं टाटांच्या धरणाखाली गेली. ज्याच्या विरोधात 1921 साली सेनापती बापट सत्याग्रहाला उतरले, तेच मुळशीचं धरण. राहिलेल्या तुकड्यात आजींनी जन्मभर आंबेमोहोर लावला. गेल्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हातातलं बळ गेलं.

थोरला मुलगा हिंजवडीत, धाकटा कोथरूडला. आजींना सांभाळायला बाई हवी म्हणून दोघांनी चार ब्यूरो पालथे घातले. थोरला हिशेबी, त्याने वहीत प्रश्नच लिहून काढले. पोलीस पडताळणी झालीय का? आधीच्या घरी फोन करून विचारता येईल का? बाई सुट्टीवर गेली तर बदली कोण? ब्यूरो किती कापून घेतो आणि बाईच्या हातात किती पडतात? (हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, विचारायला हवा. अर्ध्या पगारावर राबणारी बाई टिकत नाही.) इंजेक्शन देणं, नळी घालणं हे नर्सचं काम, ते बाईकडून करून घ्यायचं नाही, हेही त्याने आधीच ठरवून घेतलं.

पहिल्या ताई आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “आजींना काय काय जमत नाही?” थोरल्याने यादी दिली. यादीतलं एकेक काम ताईंनी चोख केलं. दहा मिनिटांत अंघोळ, पंधरा मिनिटांत भरवून जेवण, वेणी, पावडर, घडी न मोडलेली चादर. रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर आई टापटीप दिसायची आणि थोरला निश्चिंत झोपायचा. फिजिओथेरपिस्टने दिलेला स्पंजचा चेंडू उशाशी पडून होता. महिन्याभरात आजी पाण्याच्या भांड्याकडे नुसत्या बघू लागल्या. हात पुढे होईना.

मग ताईंच्या घरी लग्न निघालं, त्या गावी गेल्या. बदली म्हणून एक मावशी आल्या. पायातल्या चपला काढता काढता त्यांनी विचारलं, “आजींना काय काय येतं?”

थोरल्याला काही सुचेना. “तांदूळ निवडायची पूर्वी,” तो कसनुसं हसत म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो न कळवता वाडीवर गेला. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप. गाऊनवर तांदूळ सांडलेला. मावशी समोर पाय पसरून नुसत्या बसल्या होत्या.

“मावशी, हे काम आईने करायचं? मग तुम्हाला पैसे कशाचे देतो आम्ही?”

“बसायचे,” मावशी म्हणाल्या. “दादा, मी निवडला असता तर केव्हाच झाला असता. हात न लावता बसायचं, ते जड जातं बघा. आजींना दम लागला तर उचलायला मी आहेच.”

त्याने रागारागाने ब्यूरोला फोन लावला. पहिल्या ताईच परत पाठवा, म्हणाला. ब्यूरोवाला म्हणाला, विचारून कळवतो.

थोरला चिडूनच ओसरीवर बसला. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून सुपाकडे बघत राहिला. आजींची दोन बोटं तांदळावर थरथरली, एक टरफलासकट राहिलेला दाणा निसटला, परत निसटला, तिसऱ्यांदा चिमटीत आला. उजव्या हाताच्या. तो त्यांनी बाजूच्या वाटीत टाकला. वाटीत आधीचे अकरा दाणे आणि दोन खडे होते. त्याने मोजले.

दुपारी त्याच तांदळाचा भात झाला, आंबेमोहोराचा वास घरभर. मावशींनी जाड मुठीचा चमचा आजींच्या हाती दिला, गळ्याशी पंचा बांधला आणि पुन्हा जवळ बसून राहिल्या. पहिला घास अर्धा सांडला. थोरल्याचा हात आपोआप पुढे झाला. मग त्यानेच तो मागे घेतला.

फोन वाजला. ब्यूरोवाला होता. “साहेब, त्या ताई सोमवारपासून यायला तयार आहेत. पाठवू ना?”

“आई जेवतेय,” थोरला हळू आवाजात म्हणाला. “वेळ लागेल. मीच करतो नंतर.”