कथेचे स्वामित्व

येलदरीच्या धरणाकाठी पूर्णेचे अडलेले पाणी पाहताना, स्वतंत्र चित्रपटासाठी कथा आणि पटकथाकार शोधणाऱ्याला जो प्रश्न केवळ व्यवहाराचा वाटतो तो वस्तुतः धर्माचा आहे, असे मला तीव्रतेने जाणवते : दुसऱ्याच्या दुःखाला आपली कथा म्हणण्याचा अधिकार कोणाला? जलाशयाखाली गेलेल्या शिवाराची कैफियत सरकारी दप्तरात क्षेत्रफळाच्या आकड्यांनी नोंदली जाते. परंतु ज्याने त्या शिवाराचे बांध जपले, त्याच्या मुखातच ती सजीव राहते.

दुसऱ्याची कथा घेण्याचे एक उदाहरण समोर आहे : २००४ च्या ‘श्वास’ या चित्रपटासाठी संदीप सावंत यांनी माधवी घारपुरे यांची कथा घेतली; दृष्टी कायमची जाण्यापूर्वी नातवाला जग दाखवू पाहणारा आजोबा, एवढेच तिचे भांडवल, आणि ते पुरले.

कथा कोणाची हा प्रश्न मात्र जुनाच आहे. येलदरीच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची संत जनाबाई दळू लागली की विठ्ठल जात्याला हात लावी, अशी श्रद्धा आहे. मग ओवी कोणाची? तिने अभंगांवर आपली नाममुद्रा उमटवली खरी, पण स्वतःस नामदेवांची दासी म्हणवून. कर्तृत्व आणि समर्पण यांचा असा संगम मला अन्यत्र क्वचितच आढळतो.

म्हणून पटकथाकाराशी करारनामा करण्यापूर्वी ज्याच्या दुःखाची कथा मी सांगू पाहतो, त्या येलदरीच्या काठावरच्या वृद्ध भोयाची मी अनुज्ञा मागेन. श्रेयनामावलीत त्याचे नाव कोठे यावे, हे मात्र अजून ठरवता आलेले नाही.