करवत खाली ठेव

चि. अमेय यास,


इशापूर कारखान्यातली जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल स्वस्तात मिळाली, आता तिचा दस्ता कापून, वर दुर्बीण बसवून नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या रानात हरणाच्या शिकारीला न्यायची, असं लिहिलंयस. रायफल घेतलीस ते बरं केलंस. करवत मात्र खाली ठेव.

लष्करानं मोडीत काढलेली रायफल कोणत्या हातांतून गेली, कुठे भिजली, हे कुणी सांगत नाही. म्हणून पहिला पैसा तपासणीवर घाल, सजावटीवर नको. बोल्टच्या मुठीवरचा आणि रिसीव्हरवरचा क्रमांक जुळतो का बघ. जुळला तरी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा, गेजनं मोजून घे. ती जास्त असेल तर पितळी केस फुटून तापलेला वायू तोंडावर येऊ शकतो. पुढच्या लाकडावर तारेचे घट्ट वेढे असतील, तर ती बहुधा ग्रेनेड फेकायला वापरलेली. तिचा नाद सोड. वरच्या झिलईवर भुलू नकोस. अमेरिकेच्या 1903 च्या स्प्रिंगफील्ड रायफलींचंच उदाहरण घे. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातल्या 8,00,000 च्या आतल्या क्रमांकांचे रिसीव्हर उष्णतेच्या चुकीच्या प्रक्रियेनं ठिसूळ झाले होते. दिसायला देखण्या, पण जाणकार त्या झाडत नाहीत.

खोलताना आधी पुढचं लाकूड उतरव, मगच मागच्या दस्त्याचा बोल्ट फिरव. या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. घाई केलीस तर लाकूड चिरलंच म्हणून समज. साचलेलं ग्रीस मिनरल स्पिरिट्सनं काढ. लाकूड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत उन्हात ठेवलं की मुरलेलं तेल कागदात उतरतं. सँडपेपर लावू नकोस. कारखान्याचे शिक्के त्यानंच जातात. मग कच्च्या जवसाच्या तेलाचे पातळ हात दे. तेलानं भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नकोस, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळव.

एकच नियम धर: जे परत पूर्ववत करता येणार नाही, ते करायचं नाही. कापलेला दस्ता जुळत नाही, रिसीव्हरला पाडलेलं भोक बुजत नाही. या रायफलीची नेम धरण्याची ताकद पुढचं लाकूड धातूला कसं घट्ट टेकतं यावर असते, आणि तुझी करवत नेमकी तिथेच चालणार. दुर्बिणीशिवाय जा. मागच्या साइटवरची सर्वांत खालची खूण 200 यार्डांची आहे, तेव्हा जवळच्या हरणावर गोळी थोडी वर लागेल. ती किती वर लागते, ते रेंजवर शिकून घे.

शिकारीला सॉफ्ट पॉइंट काडतुसंच वापर. लष्करी गोळी पसरत नाही. ती आरपार जाते आणि जखमी जनावर तडफडत राहतं. विस्कॉन्सिनच्या कायद्यालाही ती मान्य नाही. सरावाला जुनी लष्करी काडतुसं वापरलीस, तर त्याच दिवशी नळीत गरम पाणी घाल, कोरडी कर आणि तेल लाव. त्यांच्या प्रायमरचा क्षार ओलावा ओढतो आणि नळी गंजवतो. नुसत्या तेलानं तो विरघळत नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे ही शिकवण तुला घरातून मिळालेली नाही. म्हणून हंटर एज्युकेशनचा वर्ग टाळू नकोस. 1973 पासून पुढे जन्मलेल्यांना तो विस्कॉन्सिनमध्ये बंधनकारकच आहे. भडक नारिंगी जाकीटही घे.

रेंजवर शंभर यार्डांवरून सगळ्या गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत बसू लागल्या, की रायफल घेऊन ये. तोवर नुसता माझ्यासोबत चल, जंगलात शांत बसायलाही शिकावं लागतं.

तुझा,
काका