जामीन कोणाचा चालतो?

जून-जुलै आला की अमरावतीत कठोरा नाका, गाडगेनगर, अकोल्यात जठारपेठ, गोरक्षण रोड या भागांत फाटकाफाटकावर ‘खोली भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लागतात. धारणीहून, पातूरहून कॉलेजसाठी खोली शोधत बाप-लेक येतात. खोली पसंत पडते, भाडेही ठरते. मग घरमालक विचारतात, “इथं कोणी नोकरीवाला सोयरा हाय का तुमचा? जामीन राहीन असा?” बाप गप्प होतो. तसा सोयरा असता तर पोरगी त्याच्याच घरी राहिली असती.

घरमालकाची धास्ती खरी आहे. वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर कितीतरी म्हातारी माणसे घर चालवतात. कोणी भाडे आणि विजेचे बिल थकवून निघून गेला, तर कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? हमी मागावीच. पण पगारपत्रक आणि शहरात घर असलेलाच जामीन हवा म्हटले, की कोरडवाहू शेतकऱ्याची, मजुराची, मेळघाटातल्या कोरकू कुटुंबाची मुले फाटकाबाहेरच राहतात. कुठे कुठे तर आडनाव ऐकूनच नकार ठरतो आणि जामिनाचे कारण पुढे केले जाते. तो उघड अन्याय आहे.

आई-बापांचीच सही घ्यावी, असे मला ठामपणे वाटते. सोयाबीन-कपाशीचा पैसा दिवाळीच्या आगेमागे हातात येतो, विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी स्वाधार योजनेची रक्कमही हप्त्यांनी येते; भाड्याच्या तारखा त्या बेताने ठरवता येतात. आणखी कोणी हवेच असेल तर गावातले गुरुजी चालावेत. अडचणीच्या वेळी फोन उचलणारा माणूस तोच असतो.

जामीन राहणाऱ्याचाही विचार हवा. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. भिडेखातर सही करणाऱ्या मामाला हे कोणी सांगत नाही. म्हणून हमीची रक्कम आणि मुदत स्पष्ट लिहावी: दोन महिन्यांचे भाडे, अकरा महिने, बस. करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, ही 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावरच टाकलेली जबाबदारी आहे. जामिनासाठी अडून बसणारे अनेकजण नोंदणी मात्र टाळतात, आणि वाद झाला की त्यांचीच बाजू लंगडी पडते.

गाडगेबाबांची समाधी अमरावतीत, त्यांच्याच नावाच्या नगरात आहे. पंढरपूरची आपली धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. आपल्याला तर पूर्ण भाडे घेऊन एक खोली द्यायची आहे. यंदा फाटकाशी असे बाप-लेक उभे राहिले, तर नोकरीवाला सोयरा विचारू नका. त्यांना बसायला सांगा आणि करारावर त्या बापाचीच सही घ्या.