काटेरी झुडपाचे राज्य

उन्हाळ्याची सुट्टी लागली की ख्रिस्ती पालकांमध्ये एक यादी फिरू लागते. मुलांनी काय वाचावे आणि काय वाचू नये, याची. ‘नार्निया’ चालेल, कारण त्यातला सिंह म्हणजे ख्रिस्त. ‘हॅरी पॉटर’ नको, कारण त्यात जादूटोणा आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’पुढे प्रश्नचिन्ह असते, लेखक कट्टर कॅथलिक होता हे कोणीतरी सांगितले की ते पुसले जाते. यादी करणाऱ्यांची कळकळ खरी आहे आणि मुलांच्या वाचनाची एवढी काळजी करणारा समाज मला आदरणीय वाटतो. पण या यादीमागे विचार जवळपास नाही. जादूच्या कांड्या मोजायच्या, ख्रिस्ताच्या खुणा शोधायच्या आणि वजाबाकी करून निकाल द्यायचा, एवढेच तिथे घडते.

पुस्तके जाळणाऱ्यांशी वाद घालण्यात मला फारसा रस नाही. २०१९ मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात काही धर्मगुरूंनी हॅरी पॉटरसकट काही वस्तू जाळल्या आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. अशा वेळी प्रेषितांच्या कृत्यांतला एकोणिसावा अध्याय हमखास पुढे केला जातो. पण इफिसमध्ये ज्यांनी पन्नास हजार रुप्यांच्या किमतीची पुस्तके जाळली, ते स्वतः जादूटोणा करणारे होते. त्यांनी स्वतःची, धंद्याची पुस्तके जाळली. शेजाऱ्याच्या मुलाचे गोष्टीचे पुस्तक नव्हे. आणि ‘निव्वळ करमणूक आहे, एवढे काय मनावर घ्यायचे’ म्हणणाऱ्यांनी दहा वर्षांचे मूल पुस्तकात बुडालेले कधी नीट पाहिलेले नसावे.

मला खरी चिंता वाटते ती अद्भुतकथेची बाजू घेणाऱ्यांची. आज ख्रिस्ती व्यासपीठांवर त्यांचेच म्हणणे सुशिक्षित, उदार आणि समंजस म्हणून मान्य झालेले आहे. ते असे: उत्तम अद्भुतकथेत सुवार्ता दडलेली असते. ‘नार्निया’तला सिंह अस्लान दगडी मेजावर मरतो आणि पुन्हा उठतो, म्हणजे वधस्तंभ आणि पुनरुत्थान. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गँडाल्फ खाईत पडून शुभ्र वस्त्रांत परततो, म्हणजे तेच. वाचकाने अर्थ उलगडावा, मुलांना उलगडून दाखवावा. मग कथा निर्धोकच नव्हे, तर उपयुक्तही ठरते. संडे स्कूलमध्ये यावर प्रश्नोत्तरांचे कागदही वाटले जातात. एडमंड म्हणजे कोण? चेटकीण म्हणजे कोण? जोड्या जुळवा.

हे म्हणणे मला बंदीपेक्षाही घातक वाटते. बंदी घालणारा निदान कथेला घाबरतो, म्हणजे तिची ताकद ओळखतो. अर्थ उलगडणारा मात्र जकात नाक्यावरच्या कारकुनासारखा गाडी थांबवतो, ताडपत्री उचलून आत मान्य माल आहे ना एवढे पाहतो आणि शिक्का मारून सोडून देतो. माल सापडला की गाडीशी त्याचा संबंध संपला. एकदा सिंह म्हणजे ख्रिस्त हे कळले, की सिंहाच्या आयाळीत तोंड खुपसून रडणाऱ्या त्या दोन मुलींचे करायचे काय? त्यांची गरज उरत नाही. मुलाला जे उत्तर आधीच पाठ होते तेच त्याला पुन्हा मिळते. वाटेत त्याला काहीही झालेले नसते.

शिवाय ज्यांच्या नावाने हे चालते, त्यांनाच ते मान्य नव्हते. सी. एस. लुइसने स्पष्ट लिहून ठेवले आहे की नार्नियाची सुरुवात धर्मतत्त्वाने झाली नाही. सोळाव्या वर्षापासून त्याच्या मनात एक चित्र होते: बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, बकऱ्याच्या पायांचा एक वनदेव. सिंह पुढे आला आणि त्याने बाकीचे ओढून घेतले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनला तर रूपककथेचा तिटकाराच होता. आपली कादंबरी मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे असे त्याने १९५३ मध्ये एका येशूसंघीय मित्राला कळवले, आणि म्हणूनच आपण तिच्यातून पंथ-उपासनेचे उल्लेख जवळपास काढून टाकल्याचेही सांगितले. हा ‘म्हणूनच’ आमच्या उलगडेबाजांनी नीट वाचलेला नाही. त्याने खुणा लपवल्या नाहीत, त्या काढून टाकल्या.

लुइसचे स्वतःचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९१६ साली, पक्का नास्तिक असताना, त्याने लेदरहेड स्टेशनवरच्या पुस्तकांतून जॉर्ज मॅकडोनाल्डची ‘फँटास्टिस’ उचलली. मॅकडोनाल्ड एकेकाळी पाळक होता आणि मतभेदांमुळे मंडळी सोडून बाहेर पडलेला होता. त्या पुस्तकाने आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला, असे लुइस नंतर म्हणत असे. तो ख्रिस्ती झाला १९३१ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. त्या १९१६ च्या मुलाला कोणी त्या पुस्तकाचे ख्रिस्ती सार काढून हातावर ठेवले असते, तर त्याने ते तिथेच टाकले असते.

पवित्र शास्त्रातही हेच दिसते. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे येतो आणि गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. राजा संतापतो, त्या श्रीमंताला मरणदंड योग्य म्हणतो आणि मग त्याला कळते की तो श्रीमंत आपणच आहोत. ही गोष्ट लागू पडली ती अर्थ कळण्याआधी. दावीदाने पहिल्याच वाक्याला ‘मेंढी म्हणजे बथशेबा’ असे ओळखले असते, तर तो सावध झाला असता आणि नाथान बहुधा जिवंत परतला नसता. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ घराबाहेरच उभा राहतो. तो आत गेला की नाही हे प्रभू सांगत नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्याचे स्पष्टीकरण शिष्यांना मिळाले हे खरे, पण त्या एका स्पष्टीकरणाच्या जोरावर जगातल्या साऱ्या गोष्टींना किल्ल्या बनवत सुटणे योग्य नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला ही सवय इतकी सहज का वाटते, याला इतिहास आहे. हरी केशवजींनी इंग्रज लेखक बनियनची रूपककथा ‘यात्रिक क्रमण’ या नावाने १८४१ मध्ये मराठीत आणली. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. एकात प्रत्येक पात्राचे नावच त्याचा अर्थ, दुसऱ्यात प्रत्येक प्रसंग विधवांच्या दुःखाविषयीचा धडा. दोन्ही पुस्तकांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या छायेत वाढलेल्या आमच्या वाचकाला गोष्ट दिसली की ‘बोध काय?’ हे आधी विचारावेसे वाटते. या दोन्ही पुस्तकांच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ छापले. ज्यांची पुराणे सुटली होती अशा लोकांना त्याने तात्पर्यांची वही दिली नाही. जवळपास अकरा हजार ओव्या दिल्या. कथेची भूक हा दोष नाही, हे त्या इंग्रज जेझुइटाला गोव्यात उमगले होते.

एक आक्षेप मात्र उरतो: ज्या घराने दोन-तीन पिढ्यांपूर्वी जुनी दैवते सोडली, त्या घरातल्या आजीला देवदेवतांची, मंत्रतंत्रांची गोष्ट निव्वळ गोष्ट वाटत नाही. तो मी मनापासून मानतो. करिंथ येथील मंडळीला मूर्तीपुढच्या नैवेद्याविषयी लिहिताना पौलाने दुर्बळ विवेकाच्या भावाचा जो मान राखला, तो आपणही राखावा. त्या आजीसमोर तसे पुस्तक वाचू नये. पण हा तिच्या आठवणींचा मान झाला. अद्भुतकथेविषयीचा निर्णय नव्हे.

मग निर्णय कशावरून करायचा? शास्त्रातच एक पूर्ण अद्भुतकथा आहे, आणि या वादात तिचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे. शास्ते, अध्याय नववा. अबीमलेखाने आपल्या सत्तर भावांना एका दगडावर ठार करून शखेमात राज्य मिळवले. वाचलेला धाकटा भाऊ योथाम गरिज्जीम डोंगरावर चढला आणि ओरडून एक गोष्ट सांगू लागला. झाडे राजा निवडायला निघतात. जैतुनाला विचारतात; तो आपले तेल सोडून इतरांवर डोलायला नकार देतो. अंजीर आपल्या गोडीसाठी नकार देते, द्राक्षवेल आपल्या रसासाठी. शेवटी काटेरी झुडपाला विचारतात. ते तत्काळ हो म्हणते, साऱ्यांना आपल्या सावलीत यायला सांगते आणि न आल्यास आपल्यातून निघणारा अग्नी लबानोनाचे गंधसरू भस्म करील अशी धमकी देते.

बोलणारी झाडे. परमेश्वराची आज्ञा सांगणारे एकही झाड नाही. ख्रिस्ताची खूण नाही. तरीही मला ही गोष्ट संपूर्ण शास्त्राच्या मध्यावर उभी असल्यासारखी वाटते, कारण ती सत्तेसमोर उभे केल्यावर कोण काय करतो एवढेच विचारते. घेतो, की नाकारतो?

माझ्या मते अद्भुतकथांमधला महत्त्वाचा भेद हाच आहे. काही कथा वाचकाला मनातल्या मनात घ्यायला शिकवतात: शक्ती, सूड, अमरत्व, निवडलेपण. काही कथा तेच सारे समोर ठेवून हात मागे घ्यायला शिकवतात. जादू दोन्हींत असते. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली जादूटोण्याची मनाई याच भेदावर उभी आहे: जे मागून, वाट पाहून देवाकडून मिळायचे, ते ज्ञान आणि ते बळ तंत्राने हिसकायचे नाही. शोमरोनातला शिमोन पवित्र आत्म्याचे दान पैसे देऊन घेऊ पाहतो आणि पेत्र त्याला झिडकारतो. एदेन बागेत हात पुढे झाला. अरण्यात, चाळीस दिवसांच्या उपासानंतरही, धोंड्यांच्या भाकरी करायला ख्रिस्ताचा हात पुढे झाला नाही. आणि फिलिप्पैकरांस लिहिताना पौल ख्रिस्ताचे सारे मोठेपण याच एका गोष्टीत पाहतो, की देवाच्या बरोबरीचे असणे त्याने धरून ठेवले नाही.

या नजरेने टोल्किन वाचावा. गँडाल्फला सत्तेची अंगठी देऊ केली जाते आणि तो घाबरून नकार देतो. दयेपोटी, भले करण्याच्या इच्छेनेच आपण ती वापरू, हे त्याला ठाऊक असते. गॅलाड्रिएल नाकारते. फारामिर नाकारतो. जैतून, अंजीर, द्राक्षवेल. टोल्किनने हे शास्त्यांमधून घेतले असे मी म्हणत नाही, आणि तसे सिद्ध झाले तरी मला त्याचा आनंद होणार नाही. ते पुन्हा जोड्या जुळवणे होईल. शेवटी अग्नीच्या कड्यावर फ्रोडो अंगठी टाकू शकत नाही. एवढे सोसून तो ती आपली म्हणतो. जग वाचते ते बिल्बोने कधीकाळी गॉलमला मारायचे टाळले म्हणून, आणि फ्रोडोनेही त्याला पुढे जगू दिले म्हणून. उत्तमातल्या उत्तम माणसाची इच्छाशक्तीही पुरी पडत नाही, हे किती संदेशांतून ऐकले तरी मनाला भिडत नाही. त्या कड्यावर ते भिडते.

‘हॅरी पॉटर’ही या कसोटीवर उतरते, हे मला निःसंकोच लिहायचे आहे. सात खंडांभर कांड्या आहेत, खरेच. पण मृत्यूपासून पळण्यासाठी स्वतःच्या आत्म्याचे तुकडे करणारा त्या कथेत खलनायक आहे, आणि २००७ च्या शेवटच्या खंडात नायक कांडी न उगारता मरणाला सामोरा जातो. सर्वांत बलवान कांडी मिळाल्यावरही ती ठेवून घेत नाही.

उलट ‘लेफ्ट बिहाइंड’ ही सोळा कादंबऱ्यांची मालिका, १९९५ पासून ख्रिस्ती दुकानांतून अभिमानाने विकली गेलेली, शास्त्रवचनांनी भरलेली. यादीत ती बिनशर्त चालते. मात्र ती वाचताना वाचकाचे मन कुठे बसते? जिंकणाऱ्यांच्या बाजूला, जे आधीच वर उचलले गेले किंवा शेवटी ज्यांचा जय ठरलेलाच आहे त्यांच्यात. आणि शत्रूचा नाश होताना पाहण्याची मुभा तिथे मिळते. भाविकांच्या यातना तीत आहेत, लेखकांची श्रद्धा प्रामाणिक आहे. तरीही मुलाच्या हाती ही मालिका देण्याआधी मी थांबेन, जसा पॉटरसाठी थांबणार नाही.

सर्वांत अवघड उदाहरण फिलिप पुलमनचे. त्याच्या १९९५ ते २००० दरम्यानच्या तीन कादंबऱ्यांत चर्चची सत्ता हाच शत्रू आहे, आणि देव म्हणून मिरवणारा म्हातारा वाऱ्यात विरून जातो. देवाविषयी तो जे म्हणतो ते खोटे आहे अशी माझी श्रद्धा आहे आणि बारा वर्षांच्या मुलाला मी ते पुस्तक एकट्याने वाचायला देणार नाही. पण शेवटी त्याची मुख्य पात्रे, लायरा आणि विल, काय करतात? एकमेकांकडे जाण्याची एकच वाट उघडी ठेवता आली असती. मेलेल्यांना सुटकेची वाट मिळावी म्हणून ते स्वतःसाठी ती मागत नाहीत आणि कायमचे दुरावतात. लेखक आपल्या विरोधात आहे आणि त्याच्या पुस्तकातली मुले योथामाच्या झाडांच्या बाजूने आहेत. म्हणून महाविद्यालयात जाणाऱ्या आमच्या तरुणांसोबत ते जरूर वाचावे, आणि चर्च म्हटल्यावर या माणसाला हिसकावून घेणारी सत्ताच का दिसली, हा प्रश्न टाळू नये. मंडळ्यांच्या जमिनींवरून आणि विश्वस्तपदांवरून वर्षानुवर्षे चाललेले दावे ज्याने जवळून पाहिले आहेत, त्या तरुणाला पुलमन समजायला वेळ लागणार नाही, योथामही नाही.